फिरकीचा तांब्या

पिंपाचे झाकण आत्यांच्या हातात होते आणि आम्ही तिघी आत वाकून पाहत होतो.

पिंपाच्या आतल्या निळ्या कडेवर आत्यांनी आदल्या संध्याकाळी कोळशाने ओढलेली रेघ होती. पाणी त्या रेघेला सोडून पार खाली गेले होते आणि तळाशी, एखाद्या काळ्या डोळ्यासारखे, आम्हा तिघींकडे पाहत निश्चल होते. शेजारची रतनवहिनी कडेवर रिकामी घागर घेऊन उभी होती. तिच्या थोरल्या मुलीला पाहायला त्या दिवशी विट्याहून पाहुणे येणार होते, टँकर कित्येक दिवस फिरकला नव्हता, आणि आत्यांनी तिला एका घागरीचा शब्द दिला होता. माणदेशातल्या उन्हाळ्यात असा शब्द सहजासहजी कुणी कुणाला देत नाही.

"मांजरानं प्यालं असंल," रतनवहिनी शेवटी म्हणाली.

"मांजराला झाकन लावता येत न्हाई," आत्या म्हणाल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. रतनवहिनी मात्र पाहत होती, आणि माझे ओठ ओले होते.

"शैला, तू प्यालीस?"

"हो."

"समदं?"

मी मान खाली घातली. समदे म्हणजे किती, हे मलाही सांगता आले नसते. पहाटे उठले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. एकदा झाकण उचलल्यानंतरचे मला एवढेच आठवत होते की पाणी थंड होते, आणि ते घशातून उतरत असताना जगात दुसरे काहीही नव्हते.

"नदीकाठची हाय," रतनवहिनी म्हणाली. "कराडाकडची. तिथं म्हशीबी कृष्णेत लोळत्यात. तिला काय ठावं पान्याचं मोल?"

"तू घागर खाली ठेव," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पिंप तिरपे केले. पत्र्याच्या डब्याने तळ खरवडत, एकही थेंब इकडेतिकडे होऊ न देता, त्यांनी रतनवहिनीची घागर भरून दिली. पिंपात उरला तो नुसता ओलावा.

"आनि तुमाला?" रतनवहिनी ओशाळून म्हणाली.

"आमच्याकडं पाव्हणे न्हाईत यायचे. जा, पोरगी खोळंबली असंल."

ती गेल्यावर आत्यांनी फडताळातून धान्याच्या कोठीचे कुलूप काढले आणि पिंपाच्या कडीला अडकवले. किल्ली कमरेच्या पिशवीत गेली. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी ऋणी राहिले असते.

*

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. नवरा, भानुदास, फौजेत होता आणि आसामकडे कुठेतरी, जिथे म्हणे पाऊस थांबतच नाही अशा जागी, त्याची नेमणूक होती. घरात आम्ही दोघीच. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, आधुनिक कविता हा माझा विशेष विषय. ट्रंकेत साड्यांखाली कवितासंग्रह घेऊन आलेली सून त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असावी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी तहानेवर एक दीर्घ निबंध लिहिला होता. कवितेतली तहान नेहमी कशाची तरी असते: अर्थाची, ईश्वराची, दुसऱ्या देहाची. माझ्या वाट्याला आलेली तहान पाण्याची होती, आणि तिच्यासाठी मला एकही प्रतिमा सुचत नव्हती.

ती दिवाळीनंतर केव्हातरी सुरू झाली. आधी वाटले, हवा बदलली. मग वाटले, तिखट सोसत नाही. मग जेवणाआधी पाणी, जेवताना पाणी, झोपेतून उठून पाणी. जितके पीत असे तितकेच देहातून निघूनही जाई, तसेच नितळ, बिनरंगाचे. परसातल्या आडोशाकडे माझ्या इतक्या खेपा होत की बायका हसत. टँकरच्या रांगेत माझे नाव पडले होते 'नदी'. "आली गं नदी," असे कुणीतरी म्हणे, आणि रिकाम्या घागरींतून हसू घुमत जाई.

ज्या मातीत माणसे अंघोळीचे पाणी जनावरांना आणि जनावरांचे उरलेले झाडाला घालत, त्या मातीत मी प्यालेले पाणी असे वाया घालवत होते. हे मला कळत नव्हते असे नाही. प्रत्येक तांब्यागणिक मी स्वतःला बजावत असे की हा शेवटचा. घशाला ते बजावणे ऐकू येत नसे.

कुलूप लागल्यावर आत्या मला सकाळ-संध्याकाळ मापून पाणी देऊ लागल्या. त्यांनी माप कमी धरले नव्हते. स्वतः घेत त्याहून जास्तच मला देत. ते मला दुपारपर्यंतही पुरत नसे. डोके दुखू लागले, अंगात कणकण राहू लागली, पदर खोचताना हात थरथरू लागले. तुळशीला घातलेले पाणी वृंदावनाच्या तळाशी साचे. मी ते ओंजळीने प्याले. आणि एका दुपारी, आत्या रानात गेल्या आहेत असे समजून, मी शेळीपुढचे घमेले दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावले.

पाणी कोमट होते, त्यात कडब्याच्या काड्या तरंगत होत्या. मी डोळे मिटून पीत होते. उघडले तेव्हा आत्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

शेळी ओरडली. मी घमेले खाली ठेवले. आत्यांच्या डोक्यावर सरपणाचा भारा तसाच होता. तो उतरवायचेही त्यांना भान राहिले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, आणि जे दिसत होते त्याला नाव देता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

*

"साखर तर अगदी बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्त पुन्हा एकदा तपासायला लावले होते. "मधुमेह नाही."

"मग काय हाय?" आत्यांनी विचारले.

"दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे डोक्यातल्या ग्रंथीचा आजार. क्वचित होतो, पण होतो. दुसरी म्हणजे..." ते जरा अडखळले. "काही माणसांना मनामुळे तशी सवय लागते. पीत राहायची. पुण्याला तपासणी होते. मी चिठ्ठी देतो."

"म्हंजी सवयबी असंल?"

"असू शकते."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेरच्या बोडक्या माळाकडे पाहत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न वळताच, त्या म्हणाल्या, "पुण्याला जाऊ. मी येते संगट. आजार निघाला तर आजार. देवानं दिला, आपुन निस्तरू. पर सवय निघाली, तर तुला तशीच भावाकडं पोचवते. तिथं नदीत बसून पी. माझं घर पान्यावाचून चालतं, शैला. चोरीवाचून चालाया पायजे."

 मला त्या क्षणी नवऱ्याची, घराची, भावाच्या उंबऱ्याची कशाचीच काळजी वाटली नाही, हे कबूल केले पाहिजे. मला फक्त एक भीती वाटत होती: ते खरेच सवय ठरले तर? माझ्या देहाने मला फसवले नसून मीच त्याला फसवत असले तर?

*

पुण्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर नगरकर शांत, किंचित थकलेल्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी डोक्याचे फोटो काढवले, प्रश्न विचारले, आणि मग खुर्ची पुढे ओढून तपासणी समजावून सांगितली. सकाळपासून मला पाण्याचा एक थेंबही मिळणार नव्हता. अधूनमधून वजन होईल, रक्त घेतले जाईल, लघवी मापली जाईल. निरोगी माणसाचे पाणी तोडले की त्याचे शरीर सावध होते, आतले पाणी धरून ठेवते. लघवी थोडी आणि गडद होत जाते. सवयीने पिणाऱ्याचेही शरीर बहुधा तेच करते, कारण त्याच्या ग्रंथी धडधाकट असतात. ज्याच्यात ते धरून ठेवणारे संप्रेरकच तयार होत नाही, त्याचे शरीर कोरडे पडत जाते आणि तरीही पाणी सोडत राहते.

"त्रास होईल," त्या म्हणाल्या. "खूप होईल. आम्ही जवळच असू, जास्त झालं तर लगेच थांबवू. पण मधे एक घोट जरी चोरून घेतलात, तर निकालावर भरवसा ठेवता येणार नाही. आजार असून तुम्ही सवयीच्या ठराल."

"चोरून न्हाई घ्यायची ती," कोपऱ्यातून आत्या म्हणाल्या. "मी बसनार हाय ना हितं."

मला त्या वाक्याचा अर्थ एकच लागला. आमच्या गावात बायका म्हणत, एक दिवस कोंडून ठेवा, आपोआप खोड मोडंल. आता गावाऐवजी रुग्णालय मला कोंडणार होते, आणि पहारा मात्र गावचाच होता.

पहाऱ्यात आत्यांनी कसर ठेवली नाही. सकाळी त्यांनी खोलीचे न्हाणीघर स्वतः तपासले, नळाला फडके घट्ट गुंडाळून गाठ मारली, खिडकीतला फुलांचा ग्लास उचलून सिस्टरच्या हातात दिला.

"आजी, फुलांचं पाणी कोण पिणार?" सिस्टर वाघमारे हसल्या.

"तुमाला न्हाई म्हाईत," आत्या म्हणाल्या. "आनि तो बाहेरचा नळ गळतोय सकाळपासनं. दवाखाना हाय का धरन?"

मग त्या माझ्या खाटेसमोरच्या लाकडी बाकावर, पाय वर घेऊन, बसल्या. शेजारी त्यांचा फिरकीचा तांब्या. पितळी, झाकण फिरवून घट्ट बसणारा. प्रवासाला निघताना त्या गावचे पाणी त्यात भरून घेत. परगावचे पाणी त्यांना बाधते, अशी त्यांची समजूत होती. तो तांब्या नेमका माझ्या नजरेसमोर होता. मला वाटले, हे मुद्दाम आहे.

*

त्या दिवसाचे वर्णन मी अनेकदा करू पाहिले आहे. कवितेतही. ते प्रत्येक वेळी अलंकारिक झाले म्हणून मी फाडून टाकले.

आधी तोंडातली थुंकी गेली. मग जीभ तोंडात परक्या वस्तूसारखी जाणवू लागली, कुणीतरी ठेवून विसरलेल्या लोकरीच्या तुकड्यासारखी. सिस्टर येत, मला काट्यावर उभे करत, आकडा टिपून घेत. आत्यांसाठी आलेला चहा तसाच परत गेला. भांड्यात अजूनही ते तसेच नितळ पाणी पडत होते, तितकेच, जणू आत एखादी नदी आहे आणि तिला वर कुठे पाऊस पडलेला नाही हे कुणी कळवलेलेच नाही. वजन उतरत होते. खिडकीबाहेर वैशाखाचे ऊन पांढरे झाले होते आणि बाहेरचा तो गळका नळ, थेंबामागून थेंब, माझ्या कवटीच्या आत पडत होता.

"आत्या," मी एकदा म्हणाले, "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

त्यांनी बाकावर मांडी बदलली. मग म्हणाल्या, "भानुदास पोटात व्हता तवा असाच उन्हाळा व्हता. गावच्या हिरीत उतरून वाटीनं पानी भरायचो आमी. वाटीनं. एक घागर भरंस्तवर खाली बसल्याली बाई कवा कवा तिथंच झोपायची." थांबून म्हणाल्या, "हे बोलू नये. तुला आनखी तहान लागंल."

मला हसू आले. हसताना ओठ फाटला आणि रक्ताची चव आली. ती ओली होती, एवढेच मला जाणवले.

त्यानंतर केव्हातरी सिस्टर रक्ताची नळी घेऊन बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघीच. मी डोळे मिटून पडले होते, आणि मला फिरकी फिरल्याचा आवाज आला.

पितळेवर पितळ घासल्याचा तो बारीक आवाज आजही मला ओळखता येईल.

आत्या खाटेपाशी उभ्या होत्या. तांब्याचे झाकण उघडे होते. पाणी गळ्यापर्यंत भरलेले होते. त्यावर खिडकीचा एक छोटा चौकोन हलत होता.

"पी," त्या म्हणाल्या.

मी पाहत राहिले.

"पी म्हनते ना. कोन बगतंय?"

"नको, आत्या."

"तोंड बग कसं झालंय. मरशील गं पोरी."

"प्यायले तर खोटी ठरेन."

"कुनापुढं? मी न्हाई सांगायची कुनाला. माझ्या गळ्याची आन."

"तुमच्यापुढंच," मी म्हणाले.

त्यांचा हात पुढेच होता. तांब्याची कड माझ्या ओठांपासून बोटभर अंतरावर होती आणि पाण्याचा गारवा मला कातडीवर जाणवत होता. शेळीपुढचे घमेले मी ज्या हातांनी उचलले होते, ते माझे हात वर आले. मला ठाऊक नव्हते ते काय करणार आहेत. त्यांनी तांब्या धरला, क्षणभर धरूनच ठेवला, आणि मग तो मागे सारला.

पाणी हिंदकळून थोडे फरशीवर सांडले. आत्यांनी खाली पाहिलेही नाही. पिंपाच्या तळाचा थेंबही वाया जाऊ न देणारी ती बाई, सांडलेल्या पाण्यात अनवाणी उभी राहून, माझ्याकडे पाहत होती.

मग त्यांनी झाकण फिरवले आणि त्या बाकावर जाऊन बसल्या.

हा सापळा होता, असे मला वाटले. कसोटीच्या आत ठेवलेली आणखी एक कसोटी. मला त्यांचा संताप आला, आणि त्या संतापावर मी उरलेला वेळ काढला.

*

डॉक्टर नगरकर आल्या तेव्हा ऊन कलले होते. त्यांनी माझी नाडी पाहिली, आकड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "पुरे. थांबवू या."

"काय निघालं?" आत्या उठून उभ्या राहिल्या.

"सवय नाही, आजी. यांचं शरीर कोरडं पडत चाललंय, आणि तरी पाणी सोडतंय."

आत्या डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. डॉक्टरांना वाटले, त्यांना समजले नाही. "डोक्यात, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथून एक रस रक्तात उतरतो. तो मूत्रपिंडांना निरोप देतो, पाणी राखा म्हणून. यांच्यात तो निरोपच सुटत नाही."

"म्हंजी पिंपाला भोक हाय."

"पिंप चांगलं आहे. झाकण लावणारं कुणी नाही."

"आनि ते आता कोन लावायचं?"

"हे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी एक लहानशी बाटली दाखवली. त्या रसाचेच, माणसाने घडवलेले रूप. माझ्या नाकात त्यांनी फवारा मारला. घशात किंचित कडवट काही उतरले.

"नाकातनं?" आत्या म्हणाल्या. "तोंडानं मागत व्हती, तर नाकातनं देताय व्हय?"

सिस्टर वाघमारे मोठ्याने हसल्या. डॉक्टरही हसल्या. त्या दिवसातले ते पहिले मोकळे हसणे होते.

मग वाट पाहणे. ती वाट मला तहानेपेक्षा अवघड गेली. निकालाचा अर्धा भाग अजून उरला होता: औषध लागू पडले तरच निरोपाचा दोष, नाहीतर दोष मूत्रपिंडांत, आणि त्याला इतका सोपा उपाय नव्हता. मी पडून राहिले. कुठून सुरुवात झाली हे कळले नाही. एका क्षणी ध्यानात आले की बाहेरचा नळ गळतो आहे आणि मी तो ऐकत नाही आहे. दिवाळीपासून प्रथमच माझ्या देहात एक खोली अशी होती जिथे कुणी ओरडत नव्हते.

न्हाणीघरातून मी भांडे बाहेर आणले. सिस्टरने ते काचेच्या मापात ओतले आणि खिडकीतल्या उतरत्या उजेडात धरले.

थोडेसेच होते. आणि ते पिवळे होते.

इतके सुंदर पिवळे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. हळदीच्या पाण्यासारखे, सोनकीच्या फुलासारखे, संध्याकाळच्या उन्हाशी नाते सांगणारे. माझ्या देहाने काहीतरी राखले होते. त्याला राखता येत होते.

"एवढंच?" आत्यांनी विचारले.

"एवढंच," सिस्टर म्हणाल्या. "बघा ना, आजी, रंग बघा!"

आत्या जवळ आल्या. दागिन्याची पारख करावी तसे त्यांनी ते काचेचे माप डोळे बारीक करून पाहिले. मग मागे वळून मला पाहिले. मी रडत होते. डोळ्यांत पाणी येऊ शकते याचेही मला नवल वाटत होते.

"हिला आता पाजा की गं!" त्या सिस्टरवर खेकसल्या.

"बेताने," डॉक्टर म्हणाल्या. "आता शरीर पाणी धरून ठेवेल. तहान असेल तेवढंच प्या."

सिस्टरने ग्लास दिला. मी प्याले. पाणी गोड होते, गार होते, आणि ग्लास निम्मा झाला तेव्हा असे काही घडले ज्यासाठी मी तयार नव्हते. मला पुरे झाले. मी थांबले. ग्लासात पाणी उरले आहे आणि ते मला नको आहे, हा चमत्कार मी दोन्ही हातांत धरून बसले. मग मी तो स्टुलावर ठेवून दिला. राणीने ठेवावा तसा.

आत्यांनी तो उचलला आणि उरलेले पाणी, माझे उष्टे, एका दमात, मान मागे टाकून, पिऊन टाकले. शेवटच्या थेंबासाठी ग्लास हलवला. आमच्या घरात सुनेचे उष्टे सासूने कधी शिवलेही नव्हते.

पाणी टाकवत नाही त्यांना, असे मला वाटले. ओठ पुसून त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

*

आम्ही गावी परतलो तेव्हा ओसरीवर सावली यायला लागली होती. पिशवी अजून खाली ठेवतो न ठेवतो तोच रतनवहिनी आली. तिच्या मुलीचे लग्न ठरले होते. ते सांगायचे होते, आणि त्याहून अधिक, विचारायचे होते.

"काय म्हनला मग डाक्टर? नदी आटली का न्हाई?"

"आजार हाय तो," आत्या म्हणाल्या. "डोस्क्यातल्या गाठीचा. औषीद दिलंय, नाकातनं घ्यायचं. जलमभर."

"आगं बया. खरंच आजार हाय का पुन्याच्या डाक्टरनं आपलं..."

"रतन." आत्यांनी नुसते नाव घेतले आणि त्या ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नव्हता, तरी समोरच्या दोन घरांच्या दारात बायका येऊन थांबल्या. "दिसभर ठेवली हिला कोरडी. उन्हाच्या तडाख्यात. ओठातनं रगात आलं. मी सवता तांब्या तोंडाला लावला, कोन बगत न्हाई, पी म्हनलं. हिनं ढकलून दिला. तोंडाला लावल्याला तांब्या! हाय का तुमच्यात एक बाई? मी तर न्हाई."

दारातल्या एकीने पदर तोंडाशी नेला.

"आजपासनं हिला कुनी नदी म्हनलं, तर माझ्याशी गाठ हाय."

"मी कवा म्हनले गं माय," रतनवहिनी पुटपुटली. मग पिंपाकडे पाहून, विषय बदलायचा म्हणून, "आनि कुलूप कुटं गेलं?"

"खुराड्याला लावते आता. मुंगूस लई चोरटं झालंय."

रतनवहिनीला हसू फुटले. मला वाटते मीही हसले. तिने जाताना माझ्या गालावरून बोटे उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

पुढे औषधाचा तो फवारा आमच्या घरात माठाखालच्या ओल्या वाळूत राहू लागला, कारण तो थंड ठेवायचा होता आणि घरात फ्रीज नव्हता. आणि माठ जरा पाझरायचा कमी झाला की आत्या वाळूवर स्वतःच्या वाटणीचे पाणी शिंपडत. आता गावात नळ आहे, घरात फ्रीज आहे, आत्या नाहीत. मी तालुक्याच्या महाविद्यालयात कविता शिकवते आणि व्याख्यान चालू असताना टेबलावर अर्धा भरलेला ग्लास ठेवते. मुले समजतात, बाईंचा घसा सुकतो. मला तो नुसता पाहायचा असतो. पण हे सगळे नंतरचे.

त्या संध्याकाळी, बायका पांगल्यावर, मी पिशवीतल्या वस्तू काढत होते. फिरकीचा तांब्या घासायला घ्यावा म्हणून उचलला. तो जड होता.

मी झाकण फिरवले. माझ्या हातून फरशीवर सांडले तेवढे सोडले, तर तांब्या भरलेला होता. गावचे पाणी गेले तसेच परत आले होते; परतीच्या वाटेवर त्या माझ्याबरोबर पुण्याचेच पाणी प्याल्या होत्या.

मी ते पाहत बसले, आणि मला तो दिवस उलटा दिसू लागला. सकाळपासून त्या बाकावर बसलेल्या आत्या. त्यांच्या शेजारचा तांब्या. तो माझ्यासमोर उघडला गेला तेव्हा उतरत्या दुपारी गळ्यापर्यंत भरलेला होता. पुण्याच्या नळाला त्यांनी दिवसभर तोंड लावले नव्हते. चहाही परत पाठवला होता. आणि मग माझ्या उष्ट्या ग्लासातला तो एक दम, तो हलवलेला शेवटचा थेंब.

आत्या अंगणात घागरी मांडत होत्या. मी तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात गेले.

"आत्या."

"काय गं?"

"त्या दिवशी तुम्ही पाणी का नाही प्यायलात?"

त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. त्यांचे ओठ अजून भेगाळलेले होते. ते मी आत्ता पाहत होते. दूर माळाच्या वळणावर टँकरचा भोंगा वाजला आणि वस्तीभर भांड्यांचा खणखणाट उठला.

आत्यांनी पदर खोचला, चुंबळ डोक्यावर बसवली, एक रिकामी घागर तिच्यावर आणि दुसरी कडेवर घेतली, आणि तशाच, काही न बोलता, उतारावरून चालू लागल्या.